वाइड रिसीव्हरचे पाय

गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव आता पुण्या-सांगलीकडे बऱ्याच जणांना माहीत झालंय. मला झाला तेव्हा आईने फोनवर ‘जीएसटी’ ऐकलं होतं. हल्ली ओळखीतल्या ओळखीतून मला फोन येतात. समोरचा माणूस आधी रिपोर्ट वाचून दाखवतो, मग खरा प्रश्न विचारतो, “पहिल्यासारखं होता येतं का हो?” फोनवर मला धड उत्तर देता येत नाही. म्हणून लिहायला बसलोय. यात औषधांची माहिती नाही, ती डॉक्टरांना विचारा. माझ्यावर काय गुजरलं आणि मी कुठे कुठे हट्ट केला, तेवढंच आहे.

आधीचे पाय

मी सांगलीचा. बाबा शाळेत क्रीडाशिक्षक, खो-खोवर जीव. त्यांनी मला पाचवीपासून मैदानावर पळवलं. हुलकावणी देणं, दिशा बदलणं, पाठलाग करणाऱ्याला चकवून खांबाआड जाणं हे माझ्या पायांना मेंदूच्या आधी कळायचं. ताप असला तरी बाबा म्हणायचे, “ये, नुसतं बसून बघ.” सराव चुकवलेला त्यांना चालायचा नाही.

इंजिनिअरिंग झाल्यावर मास्टर्ससाठी नेदरलँड्सला आलो. द हेगजवळच्या फोरबर्गमध्ये एक खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या मैदानावर हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घातलेली मुलं दिसली. अमेरिकन फुटबॉल. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. क्वार्टरबॅक नावाचा एक जण बॉल फेकतो आणि वाइड रिसीव्हर पळत जाऊन, समोरच्याला चकवून, तो झेलतो, एवढं पाहिलं आणि मनात म्हटलं, यातलं अर्धं मला येतं.

उरलेलं अर्धं मात्र अजिबात येत नव्हतं. खो-खोत बॉलच नसतो. पहिल्या महिन्यात माझ्या छातीवर, हेल्मेटवर, एकदा तर पाठीवर बॉल आपटले. क्वार्टरबॅक होता योस्ट, सहा फूट चार इंचांचा डच मुलगा. तो म्हणाला, “तू मोकळा सुटतोस छान. फक्त बॉल आला की घाबरतोस.” मग मी बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर टेनिस बॉल मारून झेलायला लागलो, शेजारच्या आजींनी तक्रार करेपर्यंत. पहिल्या मोसमात बदली खेळाडू होतो. दुसऱ्यात पहिल्या अकरात नाव आलं, आणि मोसम सुरू व्हायच्या आत करोनाने मैदानाला कुलूप लागलं.

बॉल सुटला

उन्हाळ्यानंतर लहान गटांमध्ये सराव करायला परवानगी मिळाली. आम्ही एकदा मैदानाबाहेर कोंबडी भाजून खाल्ली. ती आतून कच्ची राहिली होती आणि भाजणारा मीच होतो. तीन दिवस पोटाने हाल केले, मग बरं वाटलं. विसरूनही गेलो.

दहाएक दिवसांनी सरावात पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, बुटांचे बंद जास्त आवळलेत. सैल केले. मग योस्टचा सोपा, हळू फेकलेला बॉल दोन्ही हातांतून सुटला. हात जागेवर होते, बोटं मिटलीच नाहीत. योस्ट हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. तिसऱ्या दिवशी संडासातून उठता येईना. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईंनी ताप, खोकला, वास येतो का ते विचारलं आणि पॅरासिटामॉल घेऊन आराम करायला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी मी योस्टला मेसेज केला, “पाय गेलेत.” त्याला वाटलं मी थकलोय म्हणतोय. मी परत लिहिलं, “नाही. खरंच गेलेत.”

तो शेजाऱ्यांची बकफीट्स घेऊन आला. पुढे मोठी लाकडी पेटी असलेली ही सायकल इकडे आईबाप मुलांना शाळेत सोडायला वापरतात. त्या पेटीत मला पोत्यासारखं बसवून त्याने दवाखान्यापर्यंत नेलं. रस्त्यावरच्या एका बाईंनी आम्हाला टाळ्या वाजवल्या. त्यांना काहीतरी गंमत चाललीय असं वाटलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही नाही. त्या क्षणापर्यंत त्या हवापाण्याचं बोलत होत्या. नंतर बोलणं अर्ध्यात सोडून त्यांनी फोन उचलला. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली.

निदानाचा दिवस

हॉस्पिटलमध्ये पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, हातापायांना विजेचे झटके देऊन तपासलं. संध्याकाळी मेंदूविकाराच्या डॉक्टर समोर खुर्ची घेऊन बसल्या. मास्कच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

“तुझ्याच शरीराने तुझ्या नसांवर हल्ला केलाय,” त्या म्हणाल्या. “पोट बिघडलं होतं म्हणालास, त्या कच्च्या कोंबडीतल्या जंतूंनी हे सुरू झालं असावं. आम्ही उपचार आजच सुरू करू. पण एक गोष्ट आधी सांगते. बरं वाटायच्या आधी बहुतेक आणखी बिघडेल.”

मी विचारलं, “मी खेळू कधी शकेन?”

“काय खेळतोस?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “आधी श्वास,” त्या म्हणाल्या. “मग बाकीचं.”

मला राग आला. त्या बरोबर बोलत होत्या, याचाच जास्त आला.

घरी कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण हॉस्पिटलला जवळच्या माणसाचं नाव हवं होतं आणि मी सुलेखाताईचं दिलं. सुलेखाताई जवळच झूटरमेरला राहते, आयटीत आहे, आणि वीस वर्षांपूर्वी बाबांच्या हाताखाली खो-खो खेळलेली आहे. मी इकडे आल्यावर बाबांनीच तिचा नंबर दिला होता. ती तासाभरात खाली येऊन थांबली. तिला वर सोडेनात, म्हणून तिने फोन लावला.

“सरांना सांगितलंस?”

“नको ताई. ते येऊ शकणार नाहीत, नुसते तळमळत बसतील.”

“तुला दोन तास देते. नाहीतर मी सांगते.”

तिने दीड तासातच सांगितलं.

पंधरा

पाच दिवस सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. किती तरी लोकांनी दिलेल्या रक्तातून ते बनतं म्हणे. मी त्या अनोळखी माणसांचा विचार करायचो. त्यांच्यातला कुणी ट्राममध्ये माझ्या शेजारी बसला असेल, कुणी माझ्यावर रांगेत वैतागला असेल.

तरी आजार वर चढतच राहिला. पाय, मग कंबर, हात, मग चेहरा. डोळे मिटेनात, म्हणून झोपताना पापण्यांना पट्टी लावायचे. हसू येईना. दर काही तासांनी नर्स यायची आणि एका श्वासात जितके अंक मोजता येतील तितके मोजायला सांगायची. छातीचे स्नायू किती टिकलेत ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी छत्तीसपर्यंत गेलो. मराठीत मोजायचो, म्हणून नर्स बोटांवर हिशोब ठेवायची. मग अठ्ठावीस. मग एकवीस. सतरावर आलो तेव्हा मला अतिदक्षता विभागात हलवलं.

तिथे माझ्याशिवाय बहुतेक सगळे करोनाचे. पालथे निजवलेले, नळ्या लावलेले. मी पूर्ण शुद्धीत होतो आणि सगळं बघत होतो. भीती कशाची वाटते, असं मला लोक विचारतात. मरणाची नव्हती वाटत, खरं सांगतो. घशात नळी घातली की बोलता येणार नाही, आणि बोलता आलं नाही की मी तिथे आहे हे कुणाला कळणार नाही, याची वाटायची.

पंधरावर आलो. डॉक्टर म्हणाले, आणखी खाली गेलास तर नळी. मी दोन दिवस पंधरावर होतो. प्रत्येक वेळी पंधरा म्हणताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो आकडा सोडायचा नाही एवढंच डोक्यात. आजार हट्टाने थांबतो असं मी म्हणत नाही, औषधाने थांबला असणार. पण हट्ट करायला माझ्याकडे तेवढी एकच जागा उरली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी “सोळा” म्हणालो आणि नर्सने दोन्ही हात वर केले, आमच्या खेळात टचडाउनचे गुण मिळाले की पंच करतो तसे.

त्या काळात एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटली होती, ती म्हणजे नाक खाजवणं. हात हलत नसताना नाकाला खाज सुटली की माणूस वेडा होतो. एक उंच, अबोल पुरुष नर्स होता. तो येता-जाता काही न विचारता ग्लोव्हज घातलेल्या बोटाने माझं नाक खाजवायचा आणि पुढे जायचा. त्याचं नाव मला कधी कळलं नाही.

बाबा

विमानं बंद, व्हिसा बंद. आईबाबा सांगलीत, मी इथे. साध्या वॉर्डात आल्यावर रोज एकाच माणसाला भेटायची परवानगी होती आणि ते माणूस सुलेखाताई. ती डब्यात मेतकूट-भात आणायची, मऊ कालवून चमच्याने भरवायची आणि दुसऱ्या हाताने फोन धरायची, बाबांना मी दिसेन असा.

आई माझा वाकडा चेहरा बघून रडायची, मग रागवायची, “कच्ची कोंबडी खायला गेला होतास का तिकडे?” तिचं मला बरं वाटायचं. बाबांचं नाही. ते फार बोलायचे नाहीत. एकदा मी म्हणालो, “मोसमापर्यंत उभा राहतो की नाही बघा.”

“तन्या,” ते म्हणाले, “खेळ विसर आता. चालायला लागलास तरी खूप झालं.”

तापातसुद्धा मैदानावर बोलावणारा माणूस हे म्हणत होता. मला तेव्हा जे वाटलं ते डॉक्टरांच्या कुठल्याच वाक्याने वाटलं नव्हतं. मी ताईला फोन बंद करायला सांगितला. नंतर कित्येक महिने बाबांशी बोललो नाही. आईशी बोलायचो, ते मागे बसलेले दिसायचे.

कागदावरचं ध्येय

तिथून द हेगच्या पुनर्वसन केंद्रात. फिजिओथेरपिस्टचं नाव मारीके. पहिल्या दिवशी तिने एक कागद पुढे केला. ‘माझी ध्येयं’ असं वर छापलेलं. मी सांगितलं, ती लिहीत गेली. पहिलं: पलंगावर स्वतः कूस बदलणं. दुसरं: चमचा धरणं. तिसरं विचारल्यावर मी म्हणालो, “वाइड रिसीव्हर.”

“ते फार लांबचं आहे. जवळचं सांग.”

“जवळची दोन सांगितली की.”

तिने लिहिलं. पण रोज एक शब्द ऐकवायची, “रुस्तिख आन.” सावकाश. डच लोक हे प्रेमाने म्हणतात. मला तो शब्द पायात घातलेल्या बेडीसारखा वाटायचा. समांतर दांड्यांमध्ये ती चार पावलं म्हणाली की मी सहा टाकायचो. संध्याकाळी पाय आतून भाजल्यासारखे जळायचे, पांघरूण लागलं तरी सहन व्हायचं नाही. नसा परत येताना असं होतं म्हणे.

आता जे लिहितोय ते मुद्दाम लिहितोय, कारण हट्ट ही नुसती कौतुकाची गोष्ट नाही. दुसऱ्या महिन्यात मी बेल न वाजवता एकटा बाथरूमला गेलो. पडलो. मनगट मुरगळलं आणि दोन आठवडे दांड्या धरता येईनात. मारीके ओरडली नाही. शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “तुझ्या हट्टाची मला गरज आहे. तो असा वाया घालवू नकोस.”

तेव्हापासून मी चार पावलांना चार टाकायला लागलो. पण कागदावरचं तिसरं ध्येय खोडू दिलं नाही.

मोज्यांचा गोळा

केंद्रातून सुटलो तेव्हा काठी घेऊन चालत होतो. माझ्या खोलीला तीन जिने, म्हणून ताईने मला झूटरमेरला तिच्या घरी नेलं. ती घरून काम करायची. तिचा नवरा अभयही. दोघांच्या दोन खोल्यांत दोन मीटिंगा आणि मधे मी.

आजारी माणूस घरात असणं सोपं नसतं, आणि मी तर चिडका आजारी होतो. एकदा ताईने माझ्यासमोर चहा ठेवला, बशीत ओतून, गार करून. मी म्हणालो, “मी काय लहान आहे का? सारखं पेशंट पेशंट.”

तिने बशी उचलली. “पेशंट नाहीस? बरं. मग सिंकमधली भांडी घास.”

मी घासली. पाऊण तास लागला आणि दोन कप फुटले. मधेच अभय पाणी प्यायला आला, पायाशी पडलेले तुकडे बघितले आणि मुकाट्याने झाडू आणून माझ्या बाजूला ठेवून गेला. ते तुकडेसुद्धा मीच भरले. त्या दिवसानंतर ताई माझ्याशी माणसासारखं भांडायला लागली.

बोटांसाठी झेलायचा सराव हवा होता. बॉलवरची शिवण बोटांना कळत नव्हती, म्हणून मोठं आणि मऊ काहीतरी हवं होतं. ताईने मोज्यांचे गोळे केले. मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून ती सोफ्यावरून माझ्याकडे गोळा फेकायची. सुरुवातीला दहात एक धरला जायचा. एकदा ती म्यूट करायला विसरली आणि “अरे दोन्ही हात पुढे कर की!” हे तिच्या साऱ्या डच टीमने ऐकलं. महिनाभराने दहात सात. मग मोज्यांच्या जागी संत्री. मग योस्ट दर शनिवारी सायकलने यायला लागला, खरा बॉल घेऊन. करोनाचं दीड मीटर अंतर ठेवून तो फूटपाथवर उभा राहायचा. मी खुर्चीत बसून झेलायचो.

हात परत आले. पूर्वीपेक्षा बरे, कारण आता बॉल बोटांपर्यंत येताना बघण्याची मला सवयच लागली होती. पाय आले, पण पूर्ण नाही. डाव्या पायाचा घोटा उचलला जात नव्हता. पाऊल खाली लोंबायचं, आधाराला प्लास्टिकची पट्टी लागायची. मारीकेने स्पष्ट सांगितलं, “यात आणखी थोडी सुधारणा होईल. फार नाही.”

स्लँट

पुढच्या वर्षी मैदानं उघडली. घोट्याला पट्टी बांधून मी सरावाला गेलो आणि पळालो. म्हणजे मला वाटलं मी पळतोय. कोचने बाजूला घेतलं.

“तू कॅमेरा सांभाळ,” तो म्हणाला. “किंवा नव्या मुलांना शिकव. टीममध्ये तुझी जागा आहेच.”

“खेळाडू म्हणून?”

तो माझ्या घोट्याच्या पट्टीकडे बघायला लागला.

“तू मला काढायचं ठरवलंस तर काढ,” मी म्हणालो. “मी आपणहून जाणार नाही.”

त्या दिवशी ट्रामने घरी येताना मात्र मी खचलो होतो. लांब पळून बचावाला मागे टाकणं हाच माझा खेळ होता, आणि तो संपला होता. आईला फोन लावला. ती म्हणाली, “एक सांगू का? ह्यांनी वही केलीय. रोज नेटवर त्या तुझ्या खेळाचे व्हिडिओ बघतात, फळ्यावर खडूने काढायचे तशा रेघा काढतात. मला विचारू नको म्हणतात.”

मग फोन हलला, आणि किती तरी महिन्यांनी बाबा स्वतःहून समोर आले. चष्मा कपाळावर.

“तन्या, तो स्लँट म्हणजे काय रे?”

मी सांगितलं. दोन-तीन पावलं सरळ जायचं आणि तिरकं आत घुसायचं. क्वार्टरबॅक लगेच फेकतो. छोटा पास.

“मग तू लांब पळायचा कशाला आटापिटा करतोस? तुझा पाय गेलाय, हूल नाही गेली. तीन पावलं टाक, बाहेर जातोय असं दाखव आणि आत वळ. त्याला काय पळायला लागतंय?”

“बाबा, तुम्हीच म्हणाला होता ना, खेळ विसर?”

ते चष्मा पुसत राहिले. “तू तिकडे निजलेला,” ते म्हणाले. “मला काही करता येईना. मग तेवढंच बोललो. चुकलं माझं.”

बाबांच्या तोंडून ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मी उत्तर म्हणून फक्त विचारलं, “पण वळताना वजन कुठल्या पायावर?”

मग तासभर बोललो.

शेवटचा मोसम

माझं मास्टर्स आजाराने लांबलं आणि त्यामुळेच विद्यार्थी म्हणून आणखी एक मोसम हाती आला. २०२२ चा वसंत. बहुतेक वेळ मी बाकावर होतो. कधी आत गेलो तरी समोरच्याला अडवण्यापुरता. बॉल एकदाही माझ्याकडे आला नाही.

शेवटच्या सामन्यात आम्ही चार गुणांनी पुढे होतो, दोन मिनिटं उरली होती. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड जावं लागतं, नाहीतर बॉल समोरच्यांचा. आमचा तिसरा प्रयत्न होता आणि अजून चार यार्ड हवे होते. कोचने बाकाकडे बघितलं. “तन्मय. स्लँट.”

मैदानाकडेला सुलेखाताई फोन उंच धरून उभी होती. सांगलीत आईबाबा बघत होते.

समोरचा बचावपटू तरुण, झकास पळणारा होता. त्याने माझ्या घोट्याच्या पट्टीकडे बघितलं आणि एक पाऊल पुढे सरकला. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. योस्टने इशारा दिला. एक, दोन, तीन. खांदा बाहेर टाकला. तो बाहेर गेला. मी आत वळलो. बॉल आधीच हवेत होता, छातीच्या उंचीवर, जोरात. बोटं मिटली. लगेच बरगड्यांवर आदळलं कुणीतरी आणि मी मातीत गेलो. श्वास गेला. बॉल पोटाशी होता.

पाच यार्ड.

त्या पाच यार्डांमुळे बॉल आमच्याकडेच राहिला, आम्ही वेळ संपवला आणि सामना जिंकलो. स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे पूर्ण मोसमात एक झेल लिहिलेला आहे. योस्टने मला उचलून धरलं, कोच काहीतरी ओरडत होता, आणि ताई मास्क हनुवटीवर ओढून रडत रडत फोन माझ्या हातात देत होती.

पडद्यावर आई हात जोडून बसलेली. बाबा पुढे सरकले, इतके की फक्त कपाळ आणि चष्मा दिसत होता.

“तिसऱ्या पावलाला डावा पाय उशिरा पडला तुझा.”

“त्या पायाला अजून काही कळत नाही, बाबा.”

“मग शिकव त्याला.”